तांदूळ न विकणारं गाव



आज सुरुवातीलाच एक प्रश्न विचारतो. तुमच्या घरात पिकलेलं धान्य घरात किती महिने पुरतं? विकल्यावर उरलेलं नाही, घरासाठी म्हणून मुद्दाम बाजूला काढलेलं. मनातल्या मनात हिशोब करून ठेवा. शेवटी त्याकडे परत येऊ.

हा प्रश्न आम्हाला सुचला तो एका लांबच्या गावाची माहिती वाचताना. गावाचं नाव चिप्तागेलार. इंडोनेशिया नावाचा हजारो बेटांचा देश आहे. त्यातलं एक बेट जावा. जावाच्या पश्चिम भागात सुकाबुमी नावाचा जिल्हा आहे आणि तिथल्या हालिमुन डोंगरात, हजार मीटरहून जास्त उंचीवर, हे गाव वसलंय. हालिमुन म्हणजे धुकं. पाऊस भरपूर, आजूबाजूला दाट रान आणि डोंगरउतारावर पायऱ्यापायऱ्यांची भातखाचरं.

इथले लोक सुंदानी भाषा बोलतात. आपल्या समाजाला ते ‘कसेपुहान’ म्हणतात. ‘सेपुह’ म्हणजे वडीलधारं माणूस. वडीलधाऱ्यांनी घालून दिलेल्या रीतीने चालणारी माणसं, असा त्याचा अर्थ. हालिमुनच्या डोंगरात अशा रीतीने राहणाऱ्या शेकडो वाड्या आहेत आणि चिप्तागेलार हे त्यांतल्या एका मोठ्या समूहाचं मुख्य गाव. त्यांच्या प्रमुखाला ‘अबाह’, म्हणजे बाबा, म्हणतात. पूर्वजांचा कौल मिळाला की हे मुख्य गावच जागा बदलतं. आत्ताच्या जागी ते २००१ साली आलं.

या गावाची एक रीत ऐकून आम्ही थबकलो. इथे तांदूळ विकत नाहीत. भात विकत नाहीत, तांदूळ विकत नाहीत, तांदळाचं पीठसुद्धा विकत नाहीत.

का विकत नाहीत? त्यांच्या लेखी भात हा माल नाही, तो जीव आहे. भाताची देवी आहे न्यी पोहाची. तिला श्री असंही म्हणतात. आपण लक्ष्मीला ‘श्री’ म्हणतो, तेच हे नाव. फार जुन्या काळी ते समुद्रापार गेलं आणि तिथल्या भाताला जाऊन चिकटलं. आता घरात आलेल्या लक्ष्मीला कोणी बाजारात नेऊन विकतं का? त्यांचं म्हणणं इतकं साधं आहे.

मग पैसा कुठून येतो? मीठ, कपडा, मुलांची वह्या-पुस्तकं, दवाखाना हे तर त्यांनाही लागतंच. त्यासाठी ते इतर गोष्टी विकतात. अरेन नावाचं ताडासारखं झाड असतं, त्याच्या रसाचा गूळ करतात. भाजीपाला लावतात. भात निघालं की काही खाचरांत पाणी सोडून मासे पाळतात. म्हणजे बाजाराशी त्यांचं वाकडं नाही. फक्त एक रेघ आखलेली आहे. पोटाचं धान्य रेघेच्या अलीकडे, बाकी सगळं पलीकडे.

ती रेघ डोळ्यांना दिसते ती त्यांच्या कोठारांत. या कोठाराला ‘लेउइत’ म्हणतात. आपली कणगी घरात असते, लेउइत घराबाहेर असतं. जमिनीपासून उचललेलं, लाकडाच्या पायांवर उभं, बांबूच्या भिंतींचं आणि वर शाकारलेलं छोटंसं घरच म्हणा ना. त्यात भाताचे दाणे भरत नाहीत, लोंब्यांच्या पेंढ्या रचून ठेवतात. दाणा लोंबीवर आणि तुसात राहिला की तो वर्षानुवर्षं टिकतो. जुनं भात आहे तसं ठेवून दरवर्षी नवं त्यावर चढत जातं. एखाद्या वर्षी पीक बुडालं तरी चूल बंद पडत नाही.

घरटी लेउइत असतंच, पण गावाचं म्हणून एक मोठं लेउइत आहे. त्याचं नाव सी जिमात. सुगी झाली की प्रत्येक घर आपल्या वाट्याच्या पेंढ्या त्यात आणून घालतं. ज्या घराला अडचण आली, त्याने त्यातून भात घ्यायचं आणि पुढच्या सुगीला परत भरायचं. बचत गटात आपण पैशाचं जे करतो, तेच तिथे भाताचं करतात.

आता हे पीक निघतं कसं ते पाहू. त्यांचं पेरणीचं वेळापत्रक आकाशात आहे. पहाटे आभाळात दोन तारकापुंज बघतात. एकाचं नाव केर्ती, दुसऱ्याचं किदांग. केर्ती म्हणजे आपल्या कृत्तिका. आणि किदांग म्हणजे काय असेल? किदांग म्हणजे हरीण. आपण ज्याला मृग म्हणतो, ते हेच तारे! त्या लोकांनाही त्यात हरीणच दिसलं. केर्ती दिसू लागली की लोखंडाकडे बघायचं, म्हणजे कोयते-कुदळी काढून धार लावायची. किदांग दिसू लागला की शेतात उतरायचं. आपला पावसाळा मृगात सुरू होतो, त्यांचा मुख्य पाऊस मात्र ऑक्टोबर-नोव्हेंबरनंतरचा. म्हणून पहाटेच्या आभाळात हे तारे जून-जुलैत दिसले की त्यांची तयारी सुरू होते. पुढे संध्याकाळच्या आभाळातून किदांग मावळला की किडे उतरतात, असं ते मानतात. म्हणून त्याच्या आत लोंबीत दाणा भरलेला हवा.

वर्षाला पीक एकच. पाणी असलं तरी दुसरं भात घ्यायचं नाही. सगळ्या वाड्यांनी एकाच हंगामात लावायचं आणि एकाच हंगामात कापायचं. ते म्हणतात, आईला वर्षातून एकदाच बाळंतपण. जमीनही आईच आहे, तिला विसावा द्यायचा.

ही नुसती श्रद्धा म्हणून सोडून देऊ नका. त्यात शेतीचं एक पक्कं गणित आहे. खालच्या सपाट जावात काय घडलं ते बघा. १९७० च्या आसपास तिथे सरकारने नव्या बुटक्या जाती आणल्या. खत आलं, औषधं आली, वर्षाला दोन-दोन, तीन-तीन पिकं घेणं सुरू झालं. पीक खरोखरच वाढलं. कोट्यवधी माणसांच्या त्या देशाची भूक भागली आणि १९८४ साली देश तांदळात स्वयंपूर्ण झाला. हे खोटं नाही. पण शेतात बारा महिने भात उभं राहिलं, तसं किडीलाही बारा महिने जेवण मिळालं. तपकिरी तुडतुड्यांनी शेतंच्या शेतं जळाल्यासारखी केली. जितकी फवारणी केली तितके तुडतुडे वाढले, कारण त्यांना खाणारे कोळी आणि मित्रकिडे औषधाने आधी मेले. शेवटी १९८६ साली सरकारने भातावरच्या ५७ औषधांवर बंदी घातली. मग १९८९ पासून शेतकऱ्यांना बांधावर बसवून चांगली कीड कुठली, वाईट कुठली हे शिकवायला सुरुवात झाली. आपल्याकडे कृषी खात्याची जी ‘शेतीशाळा’ भरते, तिचं मूळ जावाच्या या खाचरांत आहे.

चिप्तागेलारमध्ये वर्षातले काही महिने शेतात भातच नसतं. किडीला तेवढे दिवस उपास घडतो आणि तिची साखळी तुटते. शिवाय त्यांच्याकडे भाताच्या शंभराहून जास्त गावरान जाती आहेत. कुठली पाणथळीची, कुठली वरकसाची, कुठली चिकट, कुठली रंगीत. एका जातीवर रोग आला तरी दुसरी तरते. सगळं गाव एकदम बुडत नाही.

या सगळ्यात बाई कुठे आहे? जागोजागी आहे. डोंगरउतारावर पेरणी करताना पुरुष टोकदार काठीने भोकं पाडत पुढे जातात आणि मागून बाया त्यात बी टाकत येतात. कापणीला विळा नाही. तळहातात मावणारं एक छोटं पातं असतं. त्याने एकेक लोंबी खुडायची. म्हणजे प्रत्येक लोंबी बाईच्या डोळ्यांखालून जाते. चांगली कुठली, बियाण्याला ठेवायची कुठली, हे कापतानाच ठरतं. पेंढ्या बांबूच्या मांडवावर वाळत घालतात. सुगी संपली की ‘सेरेन ताउन’ नावाचा मोठा सण होतो. खांद्यावरच्या बांबूला पेंढ्या लटकवून पुरुष मिरवणुकीने येतात, वजनाने बांबू करकरतो आणि त्या करकरीचाच ताल धरतात. मग अबाह आणि त्यांची पत्नी मिळून मानाचं भात सी जिमातमध्ये ठेवतात. एकट्या पुरुषाने हे होत नाही. हा सण साडेसहाशे वर्षांहून जुना आहे, असं ते सांगतात.

आणि मग कांडण. गावात वीज आहे, पण आपल्या भाताला गिरणी लावायची नाही अशी रीत आहे. होडीसारखं लांब लाकडी उखळ असतं. समोरासमोर उभं राहून बाया मुसळाने कांडतात. भातही लाकडाच्या चुलीवर वाफेवर शिजवायचा.

इथे मैत्रिणींनो, आपण गोड-गोड बोलून पुढे जायचं नाही. कांडण म्हणजे काय हे आपल्यातल्या वयस्कर बायांना विचारा. खांदे भरून येतात, तळहाताला घट्टे पडतात. रीत गावाची आणि घाम बाईचा, हे तिथेही आहेच. गिरणी आली तेव्हा आपल्या आयांनी सुस्कारा टाकला होता, तो खोटा नव्हता.

पण नाण्याची दुसरी बाजूही जावातच दिसली. १९७० नंतरच्या काही वर्षांत सपाटीवरच्या गावागावांत गिरण्या आल्या. ज्यांच्या घरी जमीन होती त्या बायांचे कष्ट वाचले. ज्यांच्याकडे जमीन नव्हती, ज्या दुसऱ्याचं भात कांडून चार मुठी तांदूळ घरी नेत होत्या, त्यांची मजुरी गेली. हातातल्या पात्याच्या जागी विळा आला, तेव्हा कापणीचं कामही बऱ्याच बायांच्या हातून सुटलं. म्हणून यंत्र चांगलं की वाईट, एवढंच विचारून भागत नाही. कोणाची पाठ वाचली आणि कोणाची भाकरी गेली, हे दोन्ही विचारायला हवं.

हे गाव जुन्याला कवटाळून बसलंय असंही समजू नका. ओढ्याच्या पाण्यावर त्यांनी छोटी वीजकेंद्रं चालवली आहेत. गावाचं स्वतःचं रेडिओ केंद्र आहे, स्वतःची टीव्ही वाहिनीही आहे. हे वाचून आम्हा रेडिओवर बोलणाऱ्यांना किती बरं वाटलं म्हणून सांगू! नवं काय घ्यायचं आणि कुठे थांबायचं, हे ते स्वतः ठरवतात.

पण ठरवायला पायाखाली जमीन लागते, आणि त्यांची खरी अडचण तिथेच आहे. आपल्या रानाचे ते तीन भाग मानतात. एक भाग पूर्वजांनी सांभाळायला दिलेला, त्याला हातच लावायचा नाही. दुसरा झाकलेला, पाण्यासाठी राखलेला, तिथून गरजेपुरतंच आणायचं. तिसरा कसायचा. पण कागदावर हे रान सरकारचं. १९९२ साली हालिमुन राष्ट्रीय उद्यान झालं आणि २००३ साली ते आणखी वाढवलं. पिढ्यानपिढ्या कसलेली जमीन उद्यानाच्या हद्दीत गेली. २०१३ साली तिथल्या घटना न्यायालयाने सांगितलं, की परंपरेने राहणाऱ्या समाजाचं रान हे सरकारी रान नव्हे. २०१६ च्या डिसेंबरात अशा नऊ समाजांना त्यांच्या रानाची मान्यता मिळाली. त्यात याच डोंगराच्या बांतेन प्रांतातल्या बाजूचं करांग नावाचं एक कसेपुहान होतं. पण निकाल लागला म्हणून सगळ्यांच्या हातात कागद पडत नाही. प्रत्येक समाजाला आपापली मान्यता वेगळी मिळवावी लागते. आपल्याकडे वनहक्काच्या दाव्यासाठी खेटे घातलेल्या बायांना हे वेगळं समजावून सांगायला नको.

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे येऊ. चिप्तागेलारची रीत जशीच्या तशी आपल्याला उचलता येणार नाही. आपल्यातल्या कितीजणींना जमीनच नाही, कितीजणींच्या डोक्यावर कर्ज आहे. कर्ज असलं की धान्य खळ्यातूनच उचललं जातं, आणि चार महिन्यांनी तेच धान्य चढ्या भावाने पिशवीत घरी येतं. ते लोक गरीब असूनही धान्यासाठी कोणाच्या दारात उभे राहत नाहीत, त्याचं कारण एकच आहे. घरात किती ठेवायचं हे आधी ठरतं आणि किती विकायचं हे नंतर. आपल्याकडे बहुतेक वेळा उलटं होतं.

तेव्हा गटाच्या पुढच्या बैठकीत पैशाचा हिशोब झाला की थोडं थांबा. प्रत्येकीने सांगायचं, आपल्या घरात घरचं धान्य किती महिने पुरतं आणि ते विकायचं की ठेवायचं हे घरात कोण ठरवतं. ज्यांच्याकडे जमीन नाही त्यांनी रेशन किती दिवस पुरतं ते सांगायचं. आणि कोणाच्या मडक्यात, गाडग्यात गावरान बी असेल, तर मूठभर घेऊन या.

पहिल्या दिवशी एवढंच करा. मूठभर बियाणं आणि खरा हिशोब मधे ठेवला, की पुढचं बोलणं आपोआप निघेल.