हरणाऱ्या संघाचा हट्टी चाहता

अमेरिकेतल्या क्लीव्हलँड शहराच्या फुटबॉल संघानं १९६४ नंतर एकही विजेतेपद मिळवलेलं नाही. तरीही दर सप्टेंबरला तिथली कुटुंबंच्या कुटुंबं नव्या आशेनं मैदानाकडे निघतात. या निष्ठेची किंमत कोण मोजतं?

‘खेळात हार-जीत चालायचीच,’ असं आपण मुलांना नेहमी सांगतो. हरलेल्या मुलाच्या पाठीवरून हात फिरवायला हे वाक्य फार उपयोगी पडतं. पण जीत जवळजवळ वाट्याला येतच नसेल तर? वडिलांनी ज्या संघासाठी डोळ्यांत पाणी आणलं, त्याच संघासाठी मुलानं आणि पुढे नातवानंही रडायचं, असं साठ वर्षं चालू राहिलं तर? असा प्रश्न पडलेली हजारो घरं अमेरिकेच्या ओहायो राज्यात, ईरी सरोवराच्या काठच्या क्लीव्हलँड शहरात आणि आसपास आहेत. त्यांच्या लाडक्या संघाचं नाव क्लीव्हलँड ब्राऊन्स.

हा फुटबॉल म्हणजे आपल्याकडे खेळतात तो नव्हे. यातला चेंडू लांबट असतो. तो हातात धरून पळायचं किंवा पुढच्या गड्याकडे फेकायचा. चार प्रयत्नांत निदान दहा यार्ड पुढे सरकायचं. ते जमलं नाही, तर चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या ताब्यात जातो. चेंडू कोणाकडे द्यायचा हे ठरवणारा संघाचा सूत्रधार म्हणजे क्वार्टरबॅक. साखळी सामने सप्टेंबर ते जानेवारी चालतात आणि सामना बहुतेक वेळा रविवारी असतो. साऱ्या मोसमात एका संघाच्या वाट्याला पूर्वी १६ आणि २०२१ पासून १७ साखळी सामने येतात. त्यामुळे एकेक पराभव आठवडाभर सलत राहतो.

वैभवाचे दिवस

ब्राऊन्स जन्मापासून दुबळा नव्हता, हेच खरं दुःख आहे. पॉल ब्राऊन या प्रशिक्षकाच्या हाताखाली १९४६ साली हा संघ मैदानात उतरला आणि त्या वेळच्या नव्या साखळीत लागोपाठ चार वर्षं विजेता ठरला. १९५० मध्ये तो नॅशनल फुटबॉल लीगमध्ये आला आणि पहिल्याच वर्षी अजिंक्य झाला. नंतर १९५४, १९५५ आणि १९६४ मध्येही त्यानं विजेतेपद मिळवलं. २७ डिसेंबर १९६४ रोजी ब्राऊन्सनं बाल्टिमोरच्या संघाचा २७-० असा धुव्वा उडवला. त्या दिवशी वडिलांचं बोट धरून मैदानावर गेलेला दहा वर्षांचा मुलगा आज सत्तरी ओलांडून गेला आहे. विजेतेपदाचा असा दिवस त्याला पुन्हा पाहायला मिळालेला नाही. ‘सुपर बोल’ हा जगप्रसिद्ध अंतिम सामना सुरू झाला जानेवारी १९६७ मध्ये. त्यात खेळण्याचं भाग्य ब्राऊन्सला अद्याप लाभलेलं नाही.

संघाबरोबर शहरालाही उतरती कळा लागली. पोलादाच्या भट्ट्यांवर आणि कारखान्यांवर उभ्या असलेल्या क्लीव्हलँडची लोकसंख्या १९५० मध्ये नऊ लाखांहून अधिक होती, ती २०२० मध्ये पावणेचार लाखांच्याही खाली आली. १९६९ मध्ये तिथल्या कायहोगा नदीवर साचलेल्या तेलकट घाणीनं पेट घेतला आणि देशभर शहराची चेष्टा झाली. डिसेंबर १९७८ मध्ये तर महापालिकेला कर्जाची परतफेडही करता आली नाही. काम गेलेल्या, शेजारी गाव सोडून गेलेल्या माणसाला अभिमानानं सांगण्यासारखं जे थोडंफार उरलं होतं, त्यात हा संघ होता.

तोंडचा घास

संघ सरळ हरला असता, तर चाहत्यांनी मन घट्ट केलं असतं. पण ऐंशीच्या दशकात तोंडाशी आलेला घास तीनदा निसटला. ४ जानेवारी १९८१ रोजी कडाक्याच्या थंडीत ओकलंडविरुद्ध १४-१२ अशी पिछाडी होती. शेवटचं मिनिट चालू होतं. गोलखांबांमधून एक किक मारली असती, तरी विजय मिळाला असता. पण चेंडू फेकण्याचा निर्णय झाला आणि तो प्रतिस्पर्ध्याच्या हातात जाऊन पडला.

११ जानेवारी १९८७ ला डेन्व्हरविरुद्ध साडेपाच मिनिटं उरली असताना ब्राऊन्स २०-१३ असे पुढे होते. डेन्व्हरच्या जॉन एलवेला ९८ यार्ड पार करायचे होते. त्यानं ते केले, बरोबरी साधली आणि जादा वेळात डेन्व्हरनं सामना जिंकला. पुढच्याच वर्षी, १७ जानेवारी १९८८ रोजी, पुन्हा डेन्व्हर! त्या दिवशी अर्नेस्ट बायनर जिवाच्या आकांतानं खेळला होता. बरोबरी साधून देणारी धाव तो जवळजवळ पूर्ण करणार, तोच गोलरेषेच्या तोंडाशी चेंडू त्याच्या हातातून निसटला. क्लीव्हलँडमध्ये या दोन सामन्यांना ‘द ड्राइव्ह’ आणि ‘द फंबल’ अशी नावंच पडली आहेत. घरात अपघाताची तारीख लक्षात राहावी, तसे हे सामने लोकांच्या लक्षात आहेत.

मालकच संघ घेऊन गेला

सर्वांत मोठा घाव मात्र मैदानाबाहेर बसला. ६ नोव्हेंबर १९९५ रोजी मालक आर्ट मॉडेल यांनी संघ बाल्टिमोरला नेण्याची घोषणा केली. दुसऱ्याच दिवशी क्लीव्हलँड परिसरात मतदान होतं. दारू आणि तंबाखूवरचा कर चालू ठेवून स्टेडियमच्या दुरुस्तीसाठी पैसा उभा करावा की नाही, यावर लोकांचा कौल घेतला जाणार होता. मालकानं पाठ फिरवलेली असतानाही लोकांनी कराच्या बाजूनं मतं दिली!

१७ डिसेंबर १९९५ ला जुन्या स्टेडियमवर अखेरचा सामना झाला. ब्राऊन्सनं सिनसिनाटीला २६-१० असं हरवलं, पण आनंद कोणालाच झाला नाही. लोकांनी बसायची बाकं उखडून काढली. कुत्र्याचे मुखवटे घालून भुंकणाऱ्या चाहत्यांचा तिथे एक खास कोपरा होता, ‘डॉग पाउंड’. सामना संपल्यावर एक खेळाडू त्या कोपऱ्याकडे धावला आणि रडणाऱ्या चाहत्यांचे हात हातात घेऊ लागला. तो होता आठ वर्षांपूर्वी ज्याच्या हातून चेंडू निसटला, तोच बायनर. ज्यांचं स्वप्न त्याच्या हातून भंगलं होतं, त्यांनीच त्याला जवळ घेतलं.

चाहत्यांच्या आणि शहराच्या झगड्यानंतर एवढंच पदरात पडलं, की संघाचं नाव, रंग आणि इतिहास क्लीव्हलँडकडे राहिला आणि १९९९ मध्ये नवा संघ मिळाला. गेलेला संघ बाल्टिमोरमध्ये ‘रेव्हन्स’ या नावानं खेळू लागला आणि जानेवारी २००१ मध्ये सुपर बोल जिंकून मोकळा झाला. क्लीव्हलँडच्या घराघरांत त्या रात्री काय वाटलं असेल, ते सांगायला नकोच.

सोळा सामने, सोळा पराभव

नव्या संघानं जुनं नशीब तेवढं बरोबर आणलं. क्वार्टरबॅक इतक्या वेगानं बदलले, की एका जर्सीच्या पाठीवर एकाखाली एक त्यांच्या नावांच्या पट्ट्या चिकटवण्याची गंमत सुरू झाली आणि पाठ पुरेना. २०११ मध्ये एका स्थानिक विनोदी कलाकारानं स्टेडियमला ‘दुःखाचा कारखाना’ म्हटलं. ते नाव आजही टिकून आहे.

२०१६ मध्ये संघानं १६ पैकी एकच सामना जिंकला. पुन्हा अशी वेळ आली, तर आपण सरोवरात उडी घेऊ, असं प्रशिक्षक ह्यू जॅक्सन म्हणाले. २०१७ मध्ये संघ सोळाच्या सोळा सामने हरला. जॅक्सन यांनी शब्द पाळला. जून २०१८ मध्ये ते खरोखरच ईरी सरोवरात उतरले.

चाहत्यांनीही या अपमानाचं आपल्या परीनं सोनं केलं. ६ जानेवारी २०१८ रोजी हाडं गोठवणाऱ्या थंडीत हजारो लोकांनी स्टेडियमभोवती शून्याच्या आकारात मिरवणूक काढली. काही खेळाडूंना राग आला, काही चाहत्यांनाही हे रुचलं नाही. पण या निमित्तानं गरिबांना अन्न पुरवणाऱ्या संस्थेसाठी चांगला निधी जमला. अखेर २० सप्टेंबर २०१८ ला, ६३५ दिवसांनी संघ जिंकला. एका कंपनीनं बिअरच्या बाटल्यांनी भरलेली कपाटं कुलूप लावून शहरात ठेवली होती. विजय मिळताच ती उघडली आणि अनोळखी माणसं एकमेकांच्या गळ्यात पडली.

तोटा होतो तो फक्त चाहत्याचा

इतकं हरूनही संघ बंद कसा पडत नाही? युरोपात खालच्या क्रमांकावर राहिलेल्या फुटबॉल संघाची रवानगी खालच्या श्रेणीत होते. अमेरिकेत तसं नाही. नॅशनल फुटबॉल लीगमध्ये देशभरच्या दूरदर्शन हक्कांचा पैसा सर्व संघांत सारखा वाटला जातो. पहिला आला काय नि शेवटचा आला काय, मालकाच्या वाट्याला तेवढीच रक्कम. शिवाय सर्वांत दुबळ्या संघाला महाविद्यालयांतून येणारा नवा खेळाडू सर्वांत आधी निवडता येतो. सर्वांना संधी मिळावी, हा यामागचा चांगला हेतू. पण निवड चुकत राहिली, प्रशिक्षक बदलत राहिले, तर ही संधीही वाया जाते. मालकाचा धंदा चालतो, खेळाडू दुसऱ्या संघात जातो. हरल्याचं दुःख उरतं ते तिकीट काढणाऱ्याला.

कधी कधी दुःखापेक्षा लाजेचा प्रसंग येतो. २०२२ मध्ये संघानं डेशॉन वॉटसन या क्वार्टरबॅकशी २३ कोटी डॉलरचा करार केला. दोन डझनांच्या आसपास महिलांनी त्याच्यावर लैंगिक गैरवर्तनाचे दावे लावले होते. त्यानं आरोप नाकारले, फौजदारी खटला उभा राहिला नाही. मात्र लीगनं त्याला ११ सामन्यांसाठी बाहेर बसवलं. मुलींना घेऊन सामने पाहणाऱ्या अनेक आईवडिलांना हा करार झोंबला. अत्याचारग्रस्तांना मदत करणाऱ्या शहरातल्या संस्थेकडे देणग्या पाठवून कित्येकांनी आपला निषेध नोंदवला.

रविवारचं घर

हा सारा खेळ मैदानावरच संपत नाही, तो घरातही शिरतो. अर्थतज्ज्ञ डेव्हिड कार्ड आणि गॉर्डन डाल यांनी सहा अमेरिकन संघांच्या सामन्यांचा आणि पोलिसांकडील नोंदींचा अभ्यास करून २०११ मध्ये निष्कर्ष मांडले. स्थानिक संघ जिंकेल असं सर्वांना वाटत असताना तो हरला, तर पुरुषांकडून पत्नीला किंवा मैत्रिणीला घरात होणाऱ्या मारहाणीत सुमारे १० टक्के वाढ होते. सामना अटीतटीचा होईल अशी कल्पना असली, तर मात्र असा ठळक परिणाम दिसत नाही. म्हणजे आग लागते ती नुसत्या पराभवानं नव्हे, तर विजय गृहीत धरल्यानं. संघ कोणताही असो, गृहिणीनं आणि गृहस्थानं दोघांनीही हे लक्षात ठेवायला हवं. खेळाचा राग ताटावर किंवा माणसांवर निघू लागला, तर त्याला निष्ठा म्हणता येणार नाही.

मग सोडून का देत नाहीत?

मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट चाल्डिनी यांनी १९७६ मध्ये एक गमतीची गोष्ट दाखवून दिली. विद्यापीठाचा संघ जिंकला, की विद्यार्थी ‘आम्ही जिंकलो’ म्हणतात. हरला, की ‘ते हरले’ म्हणतात. सूर्य उगवला की नमस्कार करायचा, मावळला की पाठ फिरवायची, हा मनुष्यस्वभावच आहे. क्लीव्हलँडचा चाहता मात्र पराभवानंतरही ‘आम्ही’च म्हणतो.

कारण त्याला हा संघ विजयासाठी मिळालेलाच नाही, तो वडिलांकडून मिळाला आहे. बापलेकांमध्ये बोलण्यासारखं फारसं उरत नाही, त्या वयातही रविवारच्या सामन्यावर दोघं तासभर बोलू शकतात. गाव सोडून गेलेला मुलगा आईला फोन करतो, तो आधी संघाला शिव्या घालायला! १० जानेवारी २०२१ रोजी पिट्सबर्गवर ४८-३७ असा विजय मिळाला, तेव्हा कित्येकांना आधी आठवण झाली ती हा दिवस पाहायला न उरलेल्या वडिलांची. पुढच्याच फेरीत संघ कॅन्सस सिटीकडून हरला. २०२४ च्या मोसमात तर १७ पैकी तीनच सामने जिंकता आले.

आता सरोवराकाठचं स्टेडियम सोडून विमानतळाजवळच्या ब्रूक पार्क उपनगरात छताचं नवं स्टेडियम बांधायचं मालकांनी ठरवलं. शहर न्यायालयात गेलं, ते १९९५ च्या धक्क्यानंतर ओहायो राज्यानं केलेल्या कायद्याचा आधार घेऊन. ऑक्टोबर २०२५ मध्ये तडजोड झाली. काठावरच्या बोचऱ्या वाऱ्यात कुडकुडत हरण्याची सवय झालेल्यांना उबदार छताखाली बसवलं जाईल. खेळाचं काय, ते कोणी सांगत नाही.

२०१३ मध्ये ओहायोतल्या एका चाहत्याच्या निधनाची सूचना वर्तमानपत्रात आली. आपल्या शवपेटीला ब्राऊन्सच्या सहा खेळाडूंनी खांदा द्यावा, म्हणजे संघाला आपल्याला शेवटचं एकदा खाली पाडता येईल, अशी त्याची इच्छा त्यात छापली होती. वाचणारे आधी खळखळून हसले. त्याच सूचनेत, अंत्यविधीला येताना ब्राऊन्सचे कपडे घालून या, असंही घरच्यांनी लिहिलं होतं.