मोटारीवाचून डिस्ने वर्ल्ड

फ्लोरिडातल्या या अवाढव्य मायानगरीत मोनोरेल, लाँच, रोपवे आणि बस अशी चार वाहने विनाभाडे फिरतात. पण फुकटच्या प्रवासाचेही एक गणित असते. ते घरातून निघतानाच मांडले, तर आजी-आजोबांपासून नातवंडांपर्यंत सगळ्यांची सहल सुखाची होते.

मुलगा किंवा मुलगी अमेरिकेत नोकरीला असली, की आई-वडिलांची एक तरी वारी तिकडे होतेच. नायगारा झाला, न्यू यॉर्क झाले, की नातवंडांच्या हट्टाने पुढचे नाव निघते ते डिस्ने वर्ल्डचे. तिकिटे काढली जातात, हॉटेल ठरते, कोणता खेळ आधी बघायचा यावर घरात वादही झडतात. मात्र एक प्रश्न बहुतेकांना तिथे पोचल्यावरच पडतो. एवढ्या मोठ्या जागेत फिरायचे कसे?

हा प्रश्न साधा नाही. अमेरिकेत मोटार चालवता न येणारा माणूस घरात अडकून पडतो. शनिवार-रविवारी मुलाला सवड मिळाली तर बाहेर पडायचे, एरवी खिडकीतून रस्ता बघायचा, हा अनुभव तिकडे जाऊन आलेल्या अनेक आई-वडिलांनी घेतलेला असतो. डिस्ने वर्ल्ड याला अपवाद आहे. इथे मोटारीशिवाय, कुणाच्याही मदतीशिवाय दिवसभर हिंडता येते. अट एकच, इथल्या वाहनांची रीत आधी समजून घ्यायला हवी.

एका शहराएवढे उद्यान

गोराईच्या एस्सेल वर्ल्डला जाऊन आलेल्या पिढीच्या डोळ्यांसमोर 'पार्क' म्हटले की एका कुंपणातली, संध्याकाळपर्यंत पायी पालथी घालता येणारी जागा येते. डिस्ने वर्ल्ड तसे नाही. ऑरलँडो शहराजवळचा हा परिसर सुमारे २५ हजार एकरांचा, म्हणजे जवळजवळ १०० चौरस किलोमीटरचा आहे. कुलाब्यापासून माहीम-शीवपर्यंतची जुनी मुंबई सुमारे ६८ चौरस किलोमीटरची. म्हणजे सबंध जुनी मुंबई या आवारात ठेवली, तरी जागा उरेल.

या आवारात चार वेगवेगळी पार्क आहेत. १ ऑक्टोबर १९७१ रोजी उघडलेले मॅजिक किंगडम, १९८२ चे एपकॉट, १९८९ चे हॉलिवूड स्टुडिओज (त्याचे आधीचे नाव डिस्ने-एमजीएम स्टुडिओज) आणि १९९८ चे अ‍ॅनिमल किंगडम. शिवाय दोन जलक्रीडा उद्याने, पंचवीसहून अधिक हॉटेले आणि डिस्ने स्प्रिंग्ज नावाची मोठी बाजारपेठ. एका पार्कातून दुसऱ्यात जायचे म्हणजे बहुतेक वेळा कुठले तरी वाहन आलेच.

वॉल्ट डिस्नेचे स्वप्न

एका करमणूक कंपनीने वाहतुकीचा एवढा व्याप का मांडला, याचे उत्तर संस्थापकाच्या स्वभावात सापडते. वॉल्ट डिस्ने यांना आगगाड्यांचे वेड होते. कॅलिफोर्नियातल्या डिस्नेलँडमध्ये त्यांनी १९५९ मध्येच मोनोरेल आणली. फ्लोरिडात तर त्यांना उद्यानापेक्षाही भविष्यकाळातले एक आदर्श शहर उभारायचे होते. त्याचेच नाव एपकॉट. या शहरात मोटारी आणि मालट्रक जमिनीखालून जातील, वर माणसे निर्धास्त चालतील आणि लांबच्या प्रवासाला मोनोरेल असेल, अशी त्यांची कल्पना होती. १९६६ च्या डिसेंबरात त्यांचे निधन झाले आणि ते शहर कागदावरच राहिले. पुढे एपकॉट नावाचे पार्क झाले, पण त्यात वस्ती नव्हती.

तरी त्या स्वप्नाचा एक तुकडा शिल्लक राहिला, तो म्हणजे ही वाहतूक. १९६७ मध्ये फ्लोरिडाच्या विधिमंडळाने या जागेसाठी स्वतंत्र स्थानिक प्रशासन नेमले. रस्ते, सांडपाणी, बांधकाम परवानग्या अशी नगरपालिकेसारखी कामे त्याच्याकडे गेली. २०२३ मध्ये त्या व्यवस्थेची पुनर्रचना होऊन तिचे नाव आणि नियंत्रण बदलले. मात्र बस, मोनोरेल आणि बोटी पूर्वीपासून डिस्ने कंपनीच चालवते.

चार वाहने, चार स्वभाव

मोनोरेल हे इथले सर्वांत लाडके वाहन. मुंबईत २०१४ मध्ये चेंबूर-वडाळा मार्गावर मोनोरेल धावली, त्यामुळे काँक्रीटच्या एकाच तुळईवर बसून पळणारी गाडी आपल्याला नवीन नाही. इथला मार्ग सुमारे साडेतेवीस किलोमीटरचा आहे. एक गाडी मॅजिक किंगडम आणि तळ्याकाठच्या तीन हॉटेलांना वळसा घालते, दुसरी वाहनतळापासून थेट मॅजिक किंगडमला जाते, तिसरी एपकॉटला. कन्टेम्पररी हॉटेलात तर गाडी चक्क इमारतीच्या पोटातून जाते. खाली माणसे जेवत असतात आणि वरून आगगाडी निघून जाते. लहान मुलांना हा प्रवास एखाद्या खेळाइतकाच आवडतो.

फेरीबोटी आणि लाँच हा दुसरा प्रकार. मॅजिक किंगडमसमोरचे तळे नैसर्गिक नाही, ते खणून तयार केले आहे. त्यातून निघालेल्या मातीने उद्यानाची जमीन उंच करण्यात आली आणि खाली कर्मचाऱ्यांसाठी बोगद्यांचे जाळे ठेवले गेले. पाहुणे चालतात तो मॅजिक किंगडम खरे तर दुसरा मजला आहे, हे बहुतेकांना कळतही नाही. एपकॉट आणि हॉलिवूड स्टुडिओज यांच्यामध्येही कालव्यातून लाँच जाते. ती संथ आहे, वाटेत हॉटेलांचे धक्के घेते. ज्यांना घाई नाही आणि ज्यांचे पाय दुखत आहेत, त्यांच्यासाठी ती विश्रांतीच.

रोपवे सर्वांत नवा. 'स्कायलायनर' नावाने तो सप्टेंबर २०१९ मध्ये सुरू झाला. एपकॉट, हॉलिवूड स्टुडिओज आणि काही हॉटेले त्याने जोडली आहेत. कॅरिबियन बीच हे त्याचे जंक्शन, तिथे डबा बदलावा लागतो. डबे एकामागून एक येतच राहतात, त्यामुळे रांग मोठी दिसली तरी भराभर सरकते. सुरू झाल्यावर आठवड्याभरातच, ५ ऑक्टोबर २०१९ रोजी, तो बिघडला आणि काही प्रवासी तीन तासांहून अधिक काळ हवेत अडकले. त्यानंतर तो रोजच्या वापराचा झाला आहे. डब्यांत वातानुकूलन नाही, खिडक्यांच्या फटींतून वारा येतो. आणि विजा चमकू लागल्या की तो थांबवतात.

बस हे चौथे वाहन, दिसायला सर्वांत साधे पण कामाला सर्वांत मोठे. डिस्नेच्या शेकडो बस आहेत आणि कंपनीच्या प्रत्येक हॉटेलातून पार्कला जाण्याची मुख्य भिस्त बहुतांशी त्यांच्यावरच असते. अ‍ॅनिमल किंगडमला तर ना मोनोरेल जाते, ना बोट, ना रोपवे. तिथे बसच. साधारण वीस मिनिटांनी एक गाडी असे धरून चालावे, पण कधी ती लगेच मिळते, कधी ताटकळावे लागते.

मैल मोजू नका, बदल मोजा

डिस्ने वर्ल्डच्या प्रवासाचे मर्म एका वाक्यात सांगायचे तर असे: अंतर मैलांत मोजू नका, किती वेळा गाडी बदलावी लागते ते मोजा. नकाशावर शेजारी दिसणारी दोन ठिकाणे प्रत्यक्षात तासाभराची निघू शकतात आणि लांबचे ठिकाण पंधरा मिनिटांत येऊ शकते.

याचे उत्तम उदाहरण मॅजिक किंगडम. भाड्याची मोटार घेऊन येणाऱ्याला वाटते, आपण सर्वांच्या आधी पोचू. पण त्याची मोटार तळ्याच्या अलीकडच्या वाहनतळावर थांबते. तिथून मोनोरेल किंवा फेरीबोट पकडून पलीकडे जायचे, तेव्हा कुठे दार दिसते. वाहनतळाचे शुल्कही हॉटेलच्या पाहुण्यांखेरीज इतरांना दिवसाला ३० डॉलर किंवा त्याहून जास्त पडते. उलट डिस्नेच्या हॉटेलातून आलेली बस पार्कच्या दाराशेजारीच उतरवते. इथे बसवाला मोटारवाल्याच्या आधी आत असतो.

उलट उदाहरण हॉटेल ते हॉटेल प्रवासाचे. समजा, मुलगा आणि सून एका हॉटेलात आहेत, नातेवाईक दुसऱ्यात, आणि रात्री सगळ्यांनी एकत्र जेवायचे ठरले. दोन हॉटेलांमध्ये सहसा थेट बस नसते. आधी एखाद्या पार्कला किंवा डिस्ने स्प्रिंग्जला जायचे, तिथे दुसरी बस धरायची. अशा जेवणासाठी दीड तास हाताशी ठेवलेला बरा, नाही तर सरळ टॅक्सी करावी. दोन-तीन माणसांत तिचे भाडे जड वाटत नाही आणि वाचलेला तास मुलांच्या झोपेचा असतो.

डिस्ने स्प्रिंग्जला मोटार ठेवायला पैसे पडत नाहीत, म्हणून काही जण तिथे ती लावून बसने पार्कला जाण्याचा विचार करतात. कंपनीने हे आधीच ओळखले आहे. दिवसा तिथून पार्कला थेट बस मिळत नाही.

एपकॉटची दोन दारेही ध्यानात ठेवायला हवीत. मोनोरेल आणि बस पुढच्या दाराशी, तर रोपवे आणि लाँच मागच्या दाराशी. दिवसभर चालून थकल्यावर चुकीच्या दाराकडे निघालात, तर सबंध पार्क पुन्हा ओलांडावे लागेल.

हॉटेल निवडताना

म्हणूनच हॉटेल ठरवताना केवळ खोलीचे भाडे पाहू नये. मोनोरेलच्या मार्गावरची कन्टेम्पररी, पॉलिनेशियन आणि ग्रँड फ्लोरिडियन ही तीन हॉटेले महागड्यांत मोडतात. मध्यमवर्गीय कुटुंबाला ती परवडतीलच असे नाही. पण पॉप सेंच्युरी आणि आर्ट ऑफ अ‍ॅनिमेशन ही स्वस्त गटातली हॉटेले रोपवेवर आहेत. ऑल-स्टार गटातल्या हॉटेलांना बसशिवाय पर्याय नाही. भाड्यातला फरक आणि रोजचा वाचणारा वेळ, दोन्ही एकत्र मांडून निर्णय घ्यावा.

आजी-आजोबा आणि बाबागाडी

कुटुंबाचा वेग हा त्यातल्या सर्वांत हळू चालणाऱ्या माणसाचा वेग असतो. इथे एका दिवसात आठ-दहा किलोमीटर चालणे सहज होते. गुडघे दुखत असतील तर व्हीलचेअर भाड्याने घेण्यात संकोच करू नये. सर्व बसमध्ये व्हीलचेअर चढवण्याची सोय आहे. रोपवेच्या स्थानकांवर अशा प्रवाशांसाठी डबा थांबवून बसवण्याची वेगळी व्यवस्था असते.

बाबागाडीचा नियम मात्र वाहनागणिक बदलतो. मोनोरेल आणि फेरीबोटीत ती उघडी नेता येते, बसमध्ये घडी करावी लागते. झोपलेले मूल कडेवर, खांद्याला पिशवी आणि एका हाताने बाबागाडीची घडी, ही कसरत रात्री अकराला बसच्या दारात करायची नसेल, तर हलकी, पटकन मिटणारी बाबागाडीच न्यावी.

खरी परीक्षा रात्रीची

सकाळी माणसे टप्प्याटप्प्याने येतात, रात्री सगळी एकदम निघतात. मॅजिक किंगडममधली आतषबाजी संपली, की हजारो लोक एकाच वेळी दाराकडे वळतात. मोनोरेलची रांग, बोटीची रांग, बसची रांग, सगळीकडे तोबा गर्दी. गणपती विसर्जनाच्या रात्री गिरगावातून परतणाऱ्यांना याची कल्पना यावी.

यावर दोन उपाय आहेत. एक तर आतषबाजी संपण्याच्या थोडे आधी दाराकडे सरकायचे. दुसरा, चक्क थांबून राहायचे. पार्क बंद झाल्यावरही साधारण तासभर वाहने चालू असतात. मुख्य रस्त्यावर एखादा बाक पकडून अर्धा-पाऊण तास बसले, आइस्क्रीम खाल्ले, तर गर्दी आपोआप ओसरते. रांगेत उभे राहण्यात जो वेळ जातो, तोच बसून काढला एवढाच फरक.

विमानतळाचे काय?

२००५ पासून ऑरलँडो विमानतळावरून डिस्नेच्या हॉटेलांत नेणारी फुकट बस होती. २०२१ च्या अखेरीस ती बंद झाली, त्यामुळे आधी जाऊन आलेल्यांच्या सांगण्यावर विसंबू नका. आता खासगी कंपन्यांच्या बसचे पैसे भरून आरक्षण करावे लागते किंवा टॅक्सी घ्यावी लागते. मायामीत नातेवाईक असतील, तर सप्टेंबर २०२३ पासून तिथून ऑरलँडो विमानतळापर्यंत ब्राइटलाइन रेल्वेने येता येते.

एक दिवस फक्त फिरण्याचा

पार्कची तिकिटे महाग असतात आणि प्रत्येक वडीलधाऱ्याला रोज खेळांच्या रांगेत उभे राहण्याचा उत्साह असतोच असे नाही. तेव्हा डिस्नेच्या हॉटेलात उतरला असाल, तर एक दिवस आजी-आजोबांनी पार्कचे तिकीट न काढता नुसत्या वाहनांतून फिरावे. मोनोरेलने तळ्याभोवती चक्कर, एखाद्या हॉटेलात चहा, फेरीबोटीतून वारा, संध्याकाळी रोपवेतून खाली लागलेले दिवे. यातल्या कशालाही भाडे नाही. लेकाची सुट्टी नको, सुनेची मोटार नको. परदेशात आपल्या मनाने निघून आपल्या मनाने परत यावे, हा आनंद अमेरिकेच्या मुक्कामात त्यांना क्वचितच मिळतो.

निघण्यापूर्वी एवढे लक्षात ठेवा

• जेवणाचे किंवा खेळाचे आरक्षण असेल, तर हॉटेलातून किमान तासभर आधी निघा.
• डिस्नेचे अ‍ॅप फोनवर घ्या, आपल्या हॉटेलच्या बसची वेळ त्यात दिसते.
• जून ते सप्टेंबर दुपारी वादळी पाऊस येतो. रोपवे आणि बोटी थांबल्या तर बसचा थांबा कुठे आहे, हे आधीच पाहून ठेवा.
• हॉटेलचे नाव आणि पत्ता चिठ्ठीवर लिहून आजी-आजोबांच्या आणि मुलांच्या खिशात ठेवा. हॉटेलांची नावे सारखी वाटतात.
• चुकामूक झाली तर कुठे भेटायचे, ते सकाळीच ठरवा.