गवंड्याचे वल्हे

हाताला पडलेले घट्टे कोणाला भूषण वाटतात, तर कोणाला उणेपणाची खूण. अमेरिकेतील नामांकित नौकापटू जॉन ब्रेंडन केली ह्यांना ह्या दोन्ही दृष्टींचा अनुभव आला.

केली ह्यांचा जन्म १८८९ साली फिलाडेल्फिया येथे, आयर्लंडहून आलेल्या एका कॅथलिक कुटुंबात झाला. दहा भावंडांच्या घरात पोरवयातच कामास लागणे भाग होते. ते वीटकाम शिकून गवंडी झाले. फावल्या वेळी शहरालगतच्या नदीवर होडी वल्हवण्याचा सराव चाले. १९२० पर्यंत एकट्याने दोन वल्ह्यांनी होडी हाकण्यात अमेरिकेत त्यांचा हात धरणारा कोणी उरला नव्हता.

त्या वर्षी त्यांनी इंग्लंडातील हेन्ली येथील प्रसिद्ध 'डायमंड स्कल्स' शर्यतीसाठी अर्ज केला. परंतु मजुरीसाठी हाताने काम करणारा कारागीर तेथे 'हौशी' खेळाडू गणला जात नसे. शिवाय केली ह्यांच्या वेस्पर क्लबावर पैशाच्या एका जुन्या व्यवहारावरून आधीच बंदी होती. ही दोन्ही कारणे नोंदवून समितीने अर्ज नाकारला. ती शर्यत इंग्लंडचे जॅक बेरेसफोर्ड ह्यांनी जिंकली.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये, अँटवर्प ऑलिंपिकच्या अंतिम शर्यतीत हेच बेरेसफोर्ड केलींसमोर उभे ठाकले. केली अवघ्या एका सेकंदाने पुढे गेले. दोघेही इतके थकले होते की, हस्तांदोलनाचेही त्राण उरले नव्हते. तरीही सुमारे अर्ध्या तासाने केली पुन्हा होडीत बसले आणि चुलतभाऊ पॉल कॉस्टेलो ह्यांच्यासह दुहेरी शर्यतही जिंकले! १९२४ साली पॅरिस येथे ह्याच जोडीने पुन्हा सुवर्णपदक मिळविले.

पुढे केली बांधकाम व्यवसायात श्रीमंत झाले. १९३५ साली त्यांनी फिलाडेल्फियाच्या महापौरपदाची निवडणूक लढविली, पण त्यांचा पराभव झाला. १९६० साली ते निवर्तले. त्यांची कन्या ग्रेस चित्रपटतारका होती व १९५६ साली मोनॅकोच्या राजपुत्राशी विवाहबद्ध झाली.

हेन्लीच्या नियमातील कारागिरांवरील अट १९३७ साली रद्द झाली. १९४७ व १९४९ साली 'डायमंड स्कल्स' जिंकणारा तरुण होता केलींचाच पुत्र, जॉन केली धाकटा. पित्याला ज्या पाण्यात वल्हे टाकू दिले नाही, तेथेच पुत्राच्या हाती चषक आला.

वाचकहो, केलींनी अपमानाचे उत्तर भांडणाने दिले नाही, की आपला धंदाही लपविला नाही. ज्या हातांनी विटा रचल्या, त्याच हातांनी त्यांनी वल्हे मारले. घामाने मिळविलेल्या भाकरीची लाज वाटण्याचे कारण नाही, हे आपल्या मुलांना समजावून सांगताना हा गवंडी जरूर आठवावा.