ओळख, वशिला आणि शिफारस

आजचा विषय व्यवहाराचा आहे, पण त्याच्या तळाशी ज्ञानाचा प्रश्न आहे. समजा, आपल्या सिंधुदुर्गातल्या एका मुलीने गावातच छोटी सॉफ्टवेअर कंपनी काढली. तिला डेव्हलपर हवा आहे. जाहिरात दिली की रिझ्युमेंचा ढीग येतो, आणि सगळे सारखेच दिसतात. मग ती व्यवसायातल्या ओळखीच्यांना विचारते, "कोणी चांगला माहीत आहे का?" हे विचारणं योग्य, की हा वशिलाच झाला?

न्यायदर्शनाने ज्ञानाची चार साधनं मानली: प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द. शब्द म्हणजे विश्वासार्ह माणसाचं सांगणं. अशा माणसाला तिथे 'आप्त' म्हणतात. वात्स्यायनाने आपल्या भाष्यात आप्ताची ओळख सांगितली आहे. त्याने ती गोष्ट स्वतः जाणलेली असते आणि जशी पाहिली तशीच सांगण्याची त्याची इच्छा असते. हे लक्षण ऋषी, आर्य, म्लेच्छ सर्वांना सारखंच लागू आहे, असंही तो म्हणतो. इथे कुळाचा संबंध नाही.

मराठीत मात्र आप्त म्हणजे नातेवाईक. लग्नपत्रिकेतले आप्तेष्ट! आमच्या मते सगळा घोटाळा इथेच आहे. कसालच्या तिठ्यावर उभं राहून मालवणचा रस्ता कसा आहे हे विचारायचं, तर काल त्या रस्त्याने गाडी घेऊन आलेल्याला विचारावं. तो आपला चुलता नसला तरी चालतं. आणि चुलता सहा महिन्यांत तिकडे फिरकला नसेल, तर त्याच्या सांगण्याचा उपयोग नाही. नात्यावर चालतो तो वशिला, पाहिलेल्या कामावर उभी राहते ती शिफारस.

म्हणून प्रश्न बदलायला हवा. "कोणाला नोकरी हवी आहे का?" असं विचारलं की भाच्यांची नावं येतात. त्याऐवजी विचारावं, "ज्याच्यासोबत पुन्हा काम करायला आवडेल असा कोण? त्याने काय बांधलं? त्याचा कोड तुम्ही स्वतः वाचलात का? तो कुठे कमी पडतो?" शेवटच्या प्रश्नाला उत्तर येत नसेल, तर शिफारस अर्धीच समजावी.

शिवाय फक्त जवळच्यांना विचारू नये. अमेरिकन समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी बोस्टनजवळच्या न्यूटनमध्ये ओळखीतून नोकरी मिळालेल्यांचा अभ्यास केला आणि १९७३ साली निष्कर्ष मांडले. ज्याच्याकडून नोकरीची खबर मिळाली, त्याला वरचेवर भेटणारे फक्त १६.७ टक्के होते. बाकीच्यांची भेट अधूनमधून किंवा क्वचितच व्हायची. कारण सोपं आहे: जवळच्यांना जे ठाऊक असतं ते बहुधा आपल्यालाही ठाऊक असतं.

पण या वाटेवर एक धोका आहे, आणि तो कोकणाने पाहिलेला आहे. मुंबईच्या गिरण्यांत भरती जॉबरच्या हातात असे. तो आपल्या गावची, जातीची माणसं आणी. कोकणातल्या कित्येक घरांची चूल त्यावर पेटली, हे खरंच. पण तोच दस्तुरीही घेई, आणि ज्याला कोणी ओळखत नाही तो दाराबाहेर राही. विणकाम खात्याचं दार तर दलित कामगारांना बंदच होतं. १९२८ च्या संपाच्या वेळी डॉ. आंबेडकरांनी हा प्रश्न लावून धरला. पुढे १९३१ साली शाही श्रम आयोगाने भरतीचा अधिकार जॉबरकडून काढून घ्यावा अशी शिफारस केली. आज काही कंपन्या नाव सुचवणाऱ्या कर्मचाऱ्याला बक्षीस देतात. ते उघडपणे दिलं जातं, म्हणून ती दस्तुरी नव्हे. तरी सांगणाऱ्याचा त्यात लाभ आहे, हे ऐकणाऱ्याने विसरू नये.

मग करावं काय? शिफारशीने दार उघडावं, निवड करू नये. जाहिरातही द्यावी. सुचवलेल्याला आणि अनोळख्याला कामाची परीक्षा एकच द्यावी. ज्याच्याविषयी विचारायचं, त्याची संमती आधी घ्यावी. आणि निर्णय काहीही होवो, शब्द टाकणाऱ्याला तो कळवावा.

मालवणच्या तंत्रनिकेतनातून बाहेर पडणाऱ्या एखाद्या मुलाचं हिंजवडीत ओळखीचं कोणी नसेल. त्याच्यासाठी शब्द टाकणारा त्याचा शिक्षक असू शकतो, कारण त्याचं काम शिक्षकाने पाहिलेलं असतं. आपल्यापैकी ज्यांनी असं कोणाचं काम पाहिलं आहे, त्यांनी विचारण्याची वाट न पाहता ते सांगावं. पाहिलं नसेल, तर भाच्यासाठीसुद्धा गप्प राहावं.