देवाचं नाव, गावाचं नाणं

प्राचीन ग्रीक देवस्थानांची चांदीची नाणी म्हटलं, की आपल्याकडचे बरेच वाचक ती देवघरातल्या रामटंक्यासारखी समजतात: पूजेत ठेवायची, बाजारात न चालणारी. तसं नव्हतं. अपोलोचं देवस्थान असलेल्या डेल्फीचं दीड ओबोलचं नाणं पाहा. वजन जेमतेम दीड ग्रॅम. एका बाजूला मेंढ्याचं डोकं आणि खाली डॉल्फिन, दुसऱ्या बाजूला बोकडाचं तोंड. चित्रं अपोलोशी नातं सांगणारी, पण नाणं रोजच्या व्यवहारातलं. सहा ओबोलांचा एक द्राख्मा, हा हिशेब देवळातही तोच आणि बाजारातही तोच. अथेन्सचा ओबोल तर पाऊण ग्रॅमहूनही हलका. अशी चिल्लर लोक चक्क तोंडात ठेवून हिंडत. अरिस्टोफानीसच्या एका नाटकात तर मुलगी लाडीगोडी लावून बापाच्या तोंडातले तीन ओबोल जिभेने काढून घेते.

नाणी पुजारी पाडत, हा समजही असाच रूढ झालेला. ऑलिम्पियाची म्हणून ओळखली जाणारी नाणी एलिस या नगरराज्याची. दिदिमा इथल्या अपोलोच्या मंदिराचं इ. स. पू. चौथ्या शतकातलं छोटं चांदीचं नाणं मला याबाबत सगळ्यात बोलकं वाटतं. त्यावर ‘दिदिमाचं, पवित्र’ अशी अक्षरं स्पष्ट आहेत. पण त्यावरचा मागे वळून पाहणारा सिंह शेजारच्या मिलेटस शहराचा, त्याच्या नाण्यांवर दिसणारा. डेल्फीत इ. स. पू. ३३६च्या सुमारास जुनी नाणी वितळवून नवी पाडली, तीही पुजाऱ्यांनी नव्हे, अनेक ग्रीक जमातींच्या प्रतिनिधींच्या परिषदेने. नाण्यावर नावही परिषदेचंच.

उलट, देवाचं चित्र दिसलं की नाणं देवळाचं, हेही खरं नाही. मग अथेन्सची सगळीच नाणी अथीनाच्या देवळाची ठरतील!

दान म्हणजे श्रद्धेने पडेल ते, अशीही कल्पना असते. ओरोपोसच्या अँफिआराओस मंदिरात उपचारासाठी येणाऱ्याला दानपेटीत किमान नऊ ओबोल टाकावे लागत, तेही चांगल्या चांदीचे आणि देवळाच्या सेवकासमोर. शिलालेखात तसा नियमच कोरला आहे. बरं वाटलं की तिथल्या झऱ्यात चांदीचं किंवा सोन्याचं नाणं टाकायची रीत होती, असं इ. स. दुसऱ्या शतकातला प्रवासी पौसानियास सांगतो. नवस फेडणं आपल्याला काही नवं नाही.

आणि देवाला वाहिलेला पैसा कायमचा कुलुपात? मुळीच नाही. अॅटिकातल्या ऱ्हाम्नूसच्या नेमेसिस देवीचे इ. स. पू. पाचव्या शतकातले हिशेब दगडावर कोरलेले आहेत. त्यांत दोनशे-तीनशे द्राख्मांची कर्जं दिसतात. पेलोपोनेसच्या युद्धात खुद्द अथेन्सने अथीनाच्या खजिन्यातून कर्ज काढलं. त्यावरचं व्याज हिशेबनिसांनी ओबोलपर्यंत मोजून दगडावर कोरून ठेवलं.