बाणाने खेळायचा गोल्फ

माइनक्राफ्ट या गेममधलं सगळं जग एकेक मीटरच्या चौकोनी ठोकळ्यांचं. त्यात गोल्फचं मैदान बांधताना पहिली अडचण येते ती उताराची. खऱ्या मैदानाची निम्मी गंमत जमिनीच्या हलक्या चढउतारात असते, इथे जमीन पायऱ्यापायऱ्यांनी चढते. त्यावर तोडगा म्हणजे अर्ध्या उंचीचे स्लॅब. बर्फाचा थर तर ठोकळ्याच्या आठव्या हिश्शाइतका पातळ टाकता येतो. मग हिरवळ पांढरी दिसते, ते चालवून घ्यायचं.

गेममध्ये गोल्फची काठी नाही, म्हणून धनुष्यबाण घ्यावा. बाण पडेल तिथून पुढचा बाण. धनुष्य कमी ताणलं की बाण जवळ पडतो, त्यामुळे जोराचा अंदाज इथेही लागतोच.

खऱ्या गोल्फचं भोक 108 मिलिमीटर रुंद. इथे त्याच्या जागी 2020 साली आलेला ‘टार्गेट’ ठोकळा जमिनीत बसवायचा. बाण मध्याच्या जितका जवळ, तितका रेडस्टोनचा, म्हणजे गेममधल्या विजेचा, सिग्नल जोरदार, कमाल 15. रेडस्टोनच्या भुकटीवरून जाताना तो दर ठोकळ्याला एकाने घटतो. त्यामुळे या सिग्नलने पेटवायचा दिवा जितका लांब, तितका नेम अचूक हवा. मैदान सोपं की अवघड, हे ठरवण्याची याहून सुबक युक्ती मला तरी दिसत नाही.