बूट मोठा नको, रुंद हवा : चौकोनी पंजा आणि क्लाइंबिंग शूज

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, किंवा जे आज इअरफोन घरी ठेवून लोणावळा लोकलमध्ये चढलेत, त्यांच्यासाठी हा आजच्या भागाचा मजकूर. बोलताना जे ‘अं... म्हणजे...’ झालं ते काढून टाकलंय, बाकी सगळं तसंच आहे.

आजचा विषय एका श्रोत्याच्या व्हॉइस मेसेजवरून आलाय. कामशेतचा मुलगा आहे, वर्षभर क्लाइंबिंग शिकतोय. तो म्हणतो, “दादा, माझे पाय एकदम फताडे आहेत. क्लाइंबिंगचे बूट घातले की दहा मिनिटांत करंगळी बधिर होते. दुकानात म्हणतात, एक नंबर मोठा घ्या. मोठा घेतला की पुढे जागा राहते आणि कातळावर पाय फिरतो. माझे पाय या खेळासाठी नाहीतच का?”

उत्तर आधी सांगतो. पाय बरोबर आहेत, बुटाचा साचा जुळत नाहीये. आणि साचा जुळत नसेल तर नंबर वाढवून काही होत नाही. का, ते आता बघू.

०१:२० | फताडा म्हणजे नक्की काय?

आपण ‘फताडे पाय’ म्हणतो तेव्हा तीन वेगळ्या गोष्टी एकत्र करतो.

एक, सपाट तळवा. म्हणजे पायाच्या आतल्या बाजूची कमान कमी. दोन, रुंद चवडा. म्हणजे अंगठ्याच्या सांध्यापासून करंगळीच्या सांध्यापर्यंतचं अंतर लांबीच्या मानाने जास्त. आणि तीन, चौकोनी पंजा. म्हणजे अंगठा, त्याच्या शेजारचं बोट आणि मधलं बोट जवळपास एकाच रेषेत संपतात. काहींचा अंगठा सगळ्यात लांब असतो आणि पुढची बोटं उतरत जातात. काहींचं दुसरं बोट अंगठ्याच्या पुढे जातं.

हे तिन्ही एकाच पायात असू शकतं, पण असेलच असं नाही. बुटाच्या बाबतीत प्रत्येकाचा त्रास वेगळा. चवडा रुंद असेल तर बूट दोन्ही बाजूंनी दाबतो. पंजा चौकोनी असेल तर दुसरं-तिसरं बोट पुढच्या रबरावर जाऊन आपटतं. त्यामुळे दुकानात नुसतं ‘घट्ट होतोय’ म्हणू नका. कुठे घट्ट होतोय ते सांगा.

०२:४० | हे फक्त तुमचंच नाही

चेन्नईला सीएसआयआरची एक संस्था आहे, केंद्रीय चर्म संशोधन संस्था. तिने डिसेंबर २०२१ ते मार्च २०२२ या काळात देशभर ७९ ठिकाणी १,०१,८८० लोकांचे पाय थ्री-डी स्कॅनरने मोजले. निष्कर्ष असा की भारतीयांचे पाय युरोपियन आणि अमेरिकन पायांपेक्षा रुंद असतात. त्यावरून भारतासाठी ‘भा’ नावाची वेगळी मापपद्धत सुचवली गेली. भा म्हणजे भारत. २०२४ मध्ये याच्या बऱ्याच बातम्या आल्या होत्या.

या बातम्यांमध्ये एक मुद्दा आपल्या आजच्या विषयाचा होता : रुंद बूट मिळत नाही, म्हणून लोक लांबीने मोठा बूट घेतात. दुकानातला सल्ला आठवला? तोच.

रुंदी येते कुठून? थोडी आई-वडिलांकडून, थोडी सवयीतून. २००९ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात भारतातले कायम अनवाणी चालणारे लोक, बूट वापरणारे भारतीय आणि बूट वापरणारे युरोपियन यांच्या पायांची तुलना होती. अनवाणी चालणाऱ्यांचे पाय तुलनेने रुंद निघाले, आणि चालताना त्यांच्या तळव्यावरचा दाब जास्त सारखा पसरलेला होता. मावळात ज्याने लहानपणी आवणीला चिखलात उभं राहून भात लावलाय, शाळेत चपलेवर गेलाय, त्याच्या बोटांना पसरायला जागा मिळालेली असते. तो पाय बिघडलेला नाही. तो वापरलेला पाय आहे.

अर्थात ही सरासरी झाली. मावळात अरुंद पायाची माणसंही भरपूर आहेत. तुमचा पाय कसा आहे ते मोजल्यावरच कळणार.

०४:३० | एक नंबर मोठा घेतला तर काय होतं?

आता थोडं गणित. मी सॉफ्टवेअरवाला आहे, आकड्यांशिवाय माझं भागत नाही.

ब्रिटिश पद्धतीत एक नंबर म्हणजे इंचाचा एक तृतीयांश, साधारण ८.५ मिमी लांबी. युरोपियन पद्धतीत एक नंबर म्हणजे ६.७ मिमी. क्लाइंबिंग शूजवर बहुतेक वेळा युरोपियन नंबर असतो, आणि अर्धा नंबर म्हणजे जेमतेम ३.३ मिमी.

नंबर वाढला की रुंदीही वाढते, पण किती? पारंपरिक ब्रिटिश पद्धतीत एक नंबर वाढला की चवड्याभोवतीचा घेर पाव इंचाने वाढतो. घेर म्हणजे वरून-खालून पूर्ण वेढा. त्यातून तळाची रुंदी सुमारे २ मिमीच वाढते.

समजा, तुमचा चवडा बुटापेक्षा ६ मिमी रुंद आहे. नुसता नंबर वाढवून ते भरून काढायचं तर तीन नंबर वर जावं लागेल. म्हणजे लांबी २५ मिमीने वाढली. अंगठ्यापुढे एक इंच पोकळी!

ऑफिसच्या बुटात हे खपून जातं. कातळावर नाही. तिथे तुम्ही अंगठ्याच्या टोकावर उभे असता. रबराच्या आत लगेच अंगठ्याचं हाड हवं. आत हवा असेल तर रबर मुडपतं आणि पाय धारेवरून निसटतो. लीड करताना हे झालं तर खालच्या शेवटच्या अँकरच्या भरवशावर पडणं आलं. म्हणून हा प्रश्न फक्त आरामाचा नाही.

०६:१० | बुटाच्या आत काय असतं

बूट ज्या पायाच्या आकाराच्या ठोकळ्यावर ओढून बनवतात, तो साचा. यालाच लास्ट म्हणतात. नंबर तोच असला तरी प्रत्येक कंपनीचा, अगदी प्रत्येक मॉडेलचा साचा वेगळा असू शकतो. त्यात तीन गोष्टी बघायच्या.

पहिली, टोक कुठे आहे. कठीण क्लाइंबिंगचे बूट केळ्यासारखे आत वळलेले असतात आणि टोक थेट अंगठ्यावर येतं. लांब अंगठ्याच्या पायाला हे चालतं. चौकोनी पंज्याला अजिबात नाही, कारण दुसऱ्या-तिसऱ्या बोटाच्या वाट्याची जागाच कापलेली असते. आपल्याला समोरून गोलसर, कमी वळलेला बूट हवा.

दुसरी, खालच्या बाजूला किती वाकलेला आहे. पुढे झुकलेल्या ओव्हरहँगवर वाकलेला बूट कामाला येतो, पण त्यात बोटं दुमडलेली राहतात. रुंद पायाने सुरुवात सरळ बुटाने करावी.

तिसरी, रँड. बुटाच्या कडेने फिरणारी रबराची पट्टी. ही फारशी ताणली जात नाही. ‘लेदर आहे, सैल होईल’ असं दुकानात सांगतात ते अर्धंच खरं असतं. अस्तर नसलेलं लेदर चांगलं सैल होतं, सिंथेटिक कमी. पण जिथे वरून रबर चढवलेलं आहे तिथे आतलं लेदरही अडकून राहतं. करंगळीच्या सांध्यावर जाड रबर असेल आणि तिथेच दुखत असेल, तर सहा महिने थांबूनही फार फरक पडणार नाही.

०८:०० | आपला कातळ काय मागतो

परदेशी व्हिडिओत लोक गुहेच्या छताला उलटे लटकलेले दिसतात आणि आपल्यालाही तसाच आकड्यासारखा वाकलेला बूट हवासा वाटतो. पण आपण चढतो कुठे? कुरवंड्याजवळची नागफणी, म्हणजे ड्यूक्स नोज, घ्या किंवा विसापूरच्या कड्याखालचा कातळ. हा सगळा डेक्कन ट्रॅपचा बेसॉल्ट, साडेसहा कोटी वर्षांच्या आसपासचा. उभ्या भिंती, छोट्या आडव्या धारा, उभ्या भेगा, मधे घसारा आणि गवत. इथे बऱ्याचदा तासन्‌तास पायावर उभं राहायचं असतं. दुपारी कातळ तापतो, पाय सुजतो.

अशा ठिकाणी थोडा कडक तळाचा, सरळ, दिवसभर घालता येईल असा बूट जास्त उपयोगी. योगायोग बघा, रुंद आणि चौकोनी पायालाही नेमका हाच प्रकार मानवतो. तेव्हा आरामाचा बूट घेतला म्हणून कमीपणा वाटून घ्यायचं कारण नाही.

आणि हो, ॲक्शनचे ट्रेकिंग शूज! सह्याद्रीतल्या ट्रेकर्सचे लाडके, स्वस्त, पकड चांगली. कड्याच्या पायथ्यापर्यंत खुशाल तेच घाला. पण त्यांचा पुढचा भाग मऊ असतो, बोटाएवढ्या धारेवर तो वाकतो. दोघांची कामं वेगळी.

०९:४० | घरी मोजा, पाच मिनिटं लागतील

१. संध्याकाळी मोजा. दिवसभरात पाय थोडा फुगतो.

२. कागद जमिनीवर ठेवा, त्यावर पूर्ण वजन देऊन उभे राहा. बसून मोजलं तर रुंदी कमी येते. दुसऱ्या कोणाला तरी पेन्सिल सरळ उभी धरून कड आखायला सांगा. दोन्ही पाय आखा, ते क्वचितच सारखे असतात.

३. दोन आकडे लिहा : टाचेपासून सगळ्यात लांब बोटापर्यंतची लांबी आणि चवड्याची सगळ्यात जास्त रुंदी, दोन्ही मिलिमीटरमध्ये.

४. पहिल्या तीन बोटांच्या टोकांवर पट्टी ठेवा. तिन्ही टोकं पट्टीला जवळपास टेकली तर पंजा चौकोनी.

५. या कागदाचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा. दुकानात बूट उलटा करून त्याचा तळ फोटोशी ताडून बघा. क्लाइंबिंग शूचा तळ पायापेक्षा अरुंदच असतो, त्यामुळे माप जुळणार नाही. आकार जुळतोय का ते बघायचं.

११:१५ | विकत घेताना

लेबलवर ‘एलव्ही’ किंवा ‘लो व्हॉल्यूम’ असेल तर तो अरुंद पायाचा बूट. ‘वूमन’ लिहिलेलं मॉडेल बहुतेक वेळा हेच असतं. मुलींनो, पाय रुंद असेल तर सरळ पुरुषांचं मॉडेल मागा. बुटाला काही फरक पडत नाही.

वेल्क्रोपेक्षा लेसवाला बूट रुंद पायाला बरा, कारण चवड्यावर सैल आणि वर घट्ट असं करता येतं. ला स्पोर्टिव्हाचा मिथोस हा जुना लेसवाला, बिनअस्तराच्या लेदरचा बूट त्यासाठीच ओळखला जातो. स्कार्पाचा हेलिक्स त्याच जातीचा. ब्युटोरा या कोरियन कंपनीने तर ॲक्रो मॉडेल दोन रुंदीत काढलं : नारिंगी रुंद, निळा अरुंद. म्हणजे कंपनीने ठरवलं तर हे जमतं! डिकॅथलॉनचे सिमाँड कंपनीचे सुरुवातीचे बूट घालून बघता येतात आणि खिशालाही झेपतात. बाहेरच्या ब्रँडचे बूट सहज दहा हजारांच्या पुढे जातात, त्यामुळे ऑनलाइन घेताना परत करायची सोय आधी तपासा आणि बूट घरातल्या फरशीवरच घालून बघा.

घातल्यावर काय बघायचं? टाचेमागे पोकळी नको. अंगठा पुढे टेकलेला, अगदी थोडा वाकलेला चालेल. मग जिन्याच्या पायरीच्या कडेवर फक्त अंगठ्याच्या जोरावर उभे राहा. रबर मुडपलं तर बूट मोठा. करंगळीच्या सांध्यात सुई टोचल्यासारखं झालं किंवा मुंग्या आल्या तर साचा चुकीचा. चारही बाजूंनी सारखा दाब वाटला आणि पाच मिनिटं उभं राहता आलं, तर बूट जुळला.

१३:०० | घेतलेला बूट घट्ट असेल तर

लेदरचा असेल तर घरी रोज दहा-पंधरा मिनिटं घाला. पुढची लेस पूर्ण सैल ठेवा. एकाच जागी टोचत असेल तर बूट दुरुस्त करणाऱ्या काकांकडे रुंद करायचा लाकडी साचा असतो, तो एक-दोन दिवस घालून ठेवता येतो. हेअर ड्रायर किंवा गरम पाणी मात्र नको. रँड डिंकावर चिकटवलेली असते, उष्णतेने सुटते. पावसाळ्यात बूट बॅगेत कोंबून ठेवू नका. लोणावळ्यात वर्षाला ४,००० मिमीच्या वर पाऊस पडतो, लेदरला बुरशी धरायला चार दिवस पुरतात.

१४:१० | दुखणं सहन करायचं किती?

‘क्लाइंबिंगचे बूट दुखतातच’ हे वाक्य मला अजिबात आवडत नाही. दाब वेगळा, दुखणं वेगळं. नख काळं पडणं, बोटावर कुरूप होणं, बूट काढल्यावरही बधिरपणा राहणं, अंगठा हळूहळू आत वळणं, ही सगळी शरीराची तक्रार आहे. बधिरपणा टिकला तर डॉक्टरांना दाखवा. वाढत्या वयाच्या मुलांना तर घट्ट बूट देऊच नका, हाडं अजून तयार होत असतात.

जर्मनीतल्या एल्बे नदीकाठच्या वाळूच्या खडकांवर बर्न्ड आर्नोल्ड अनवाणी चढायचे. फ्रान्समध्ये चार्ल्स आल्बेर आजही अनवाणी बोल्डरिंग करतो. मी तुम्हाला नागफणीवर बूट काढा असं सांगत नाहीये, आपला कातळ तळव्यांना दया दाखवत नाही! सांगायचं एवढंच, की चढतो तो पाय. बूट त्याच्यावरचं रबर आहे. त्या रबराने पायाच्या आकारात यायचं, पायाने रबराच्या नाही.

तर आज संध्याकाळी कागद-पेन्सिल घ्या आणि पाय आखा. लांबी, रुंदी आणि बोटांची रेषा आम्हाला कळवा. कोणता बूट जुळला, कोणता नाही, तेही लिहा. रुंद पायाच्या पुढच्या माणसाचे दहा हजार रुपये वाचतील. भेटू पुढच्या भागात. तोवर टाच खाली, नजर पायावर!